जागा स्वस्त मिळतेय, पण का? मुंबईत गुंतवणुकीची सुरुवात करणाऱ्यांसाठी

"ताई, आपल्याकडे हे जमेल का? स्वतःचे पैसे न घालता?" भांडुपचा, कांजूरचा, घाटकोपरचा पंचविशीतला मुलगा ऑफिसात येतो, मोबाइलवर अमेरिकेतला एखादा व्हिडिओ दाखवतो आणि हे विचारतो. शब्द एकच असतो, होलसेलिंग. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात अठरा वर्षं जागांचे व्यवहार करते. या मुलांना समोर बसवून जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. त्यांच्यातले बरेच जण घरची जमापुंजी किंवा आईचे दागिने घेऊन या धंद्यात उतरतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी होलसेलिंग म्हणजे काय ते नीट समजून घ्या

अमेरिकेत एखाद्याचं घर मोडकळीला आलेलं असतं, मालक कर्जात किंवा वारसाहक्काच्या अडचणीत असतो. होलसेलर त्याच्याशी ठरलेल्या भावात खरेदीचा करार करतो, थोडी अनामत देतो आणि करार पुरा करायला काही दिवसांची मुदत घेतो. त्या मुदतीत तो घर विकत घेत नाही. तो करारच एखाद्या गुंतवणूकदाराच्या नावावर करून देतो आणि मधला फरक आपली फी म्हणून ठेवतो. किती भावात घ्यायचं याचा तिथला ठोकताळा असा: दुरुस्तीनंतर घराची जी किंमत येईल तिच्या ७० टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करा, त्यापेक्षा जास्त देऊ नका. तिथेही हे सगळं मोकाट चालत नाही. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि वर्षाला एकापेक्षा जास्त असे सौदे करणाऱ्याला ब्रोकरचं लायसन्स बंधनकारक केलं.

आता हेच मुंबईत आणून पाहा. आपल्याकडे फ्लॅटचं साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, केलं की खरेदीखताइतकीच पूर्ण स्टॅम्प ड्युटी त्याच वेळी भरावी लागते. मुंबईत ती मेट्रो सेससकट ६ टक्के आहे. म्हणजे करार हातात घेण्याचीच किंमत, एक कोटीच्या जागेला, सहा लाख. ड्युटी वाचवायला तुम्ही साठेखत न करता नुसत्या टोकनच्या पावतीवर थांबलात, तर तुमच्या हातात जवळपास काहीच नसतं. त्या पावतीवर बँक कर्ज देत नाही, सोसायटी नाव लावत नाही, आणि मालकाला दुसऱ्याने दोन लाख जास्त दाखवले की तो तुमचं टोकन परत करून मोकळा होतो. भांडायचं तर दिवाणी कोर्टात वर्षं जातात.

त्यात आणखी एक गोष्ट. मालकाला एक भाव आणि घेणाऱ्याला दुसरा भाव सांगून वरचे पैसे ठेवायचे, याला आमच्या बाजारात 'नेटवर घेणं' म्हणतात. अनेक जण करतात. मी कधी केलं नाही आणि कुणाला करायलाही सांगत नाही. रजिस्ट्रेशनच्या दिवशी दोन्ही पार्ट्या एकाच बाकावर बसतात, आणि तिथे खरा आकडा उघडा पडला की सौदा मोडतो, तुमचं नावही जातं. कन्नमवार नगरसारख्या वस्तीत गेलेलं नाव परत येत नाही.

म्हणून नव्या माणसासमोर खरे रस्ते तीन आहेत: नोंदणी करून दलाली करणं, बिल्डरकडे बुक केलेली जागा नंतर दुसऱ्याच्या नावे करणं, किंवा जागा घेऊन ठेवणं आणि भाड्याने देणं. कुठलाही निवडा, पुढचं काम तिन्हींत सारखंच आहे.

पायरी पहिली: एकच परिसर, आणि पायी

अख्खी मुंबई कुणालाच कळत नाही. स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत जाता येईल एवढा टापू निवडा, शक्यतो तुम्ही लहानाचे मोठे झालात तो. तिथली प्रत्येक बिल्डिंग कधीची, लिफ्ट आहे का, पाणी किती वेळ येतं, पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत, पावसात कुठल्या गल्लीत पाणी भरतं, हे वहीत लिहा. वॉचमन, इस्त्रीवाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याकडून जे कळतं ते कुठल्याही ॲपवर कळत नाही.

भाव मात्र लोकांच्या तोंडून घेऊ नका. बिल्डिंगमधला प्रत्येक जण सांगतो, "शेजारचा फ्लॅट दीड कोटीला गेला." खरा कितीला गेला ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये दिसतं. तिथे सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो तो, काढता येतो. त्यात व्यवहाराची रक्कम, शासकीय बाजारमूल्य, क्षेत्रफळ, घेणारा, देणारा आणि भरलेली ड्युटी सगळं असतं. आपल्या टापूतले गेल्या दोन वर्षांतले तीस-चाळीस इंडेक्स टू वाचा. कंटाळवाणं आहे, पण ज्याने हे केलं त्याला दुसऱ्याच महिन्यात कुठलाही आकडा ऐकला की खरा-खोटा कळायला लागतो.

क्षेत्रफळ नेहमी कार्पेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेत, धरा. बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अपच्या आकड्यांत लोडिंग, म्हणजे भिंती-जिने-लॉबीचा वाढवलेला वाटा, किती धरलंय ते प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. रेरा, म्हणजे बिल्डर आणि दलालांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने, कार्पेटची व्याख्या ठरवून दिली आहे आणि नोंदणीकृत प्रकल्पात त्यावरच विक्री करावी लागते. जुन्या कागदांत चौरस मीटर असतात, तिथे १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात.

पायरी दुसरी: स्वस्ताईचं कारण शोधा

या लेखात एवढा एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

मुंबईत कुणी उगीच स्वस्त विकत नाही. शेजारच्या इमारतीपेक्षा वीस-तीस टक्के कमी भाव सांगितला जात असेल तर त्यामागे कारण असतंच. काही कारणं सुटण्यासारखी असतात, तिथे कमाई आहे. काही सुटत नाहीत, तिथे पैसे अडकतात. फरक ओळखायला कुठल्या प्रकारची जागा आहे हे आधी कळायला हवं.

पागडीची जागा: गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव इथे अशा खूप. इथे तुम्ही मालकी विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली हे व्यवहार चालतात. घरमालकाची संमती लागते आणि प्रथेने तो रकमेतला सुमारे एक तृतीयांश वाटा घेतो. भाडेपावती तुमच्या नावाने झाली तरच काही खरं. बँक सहसा यावर कर्ज देत नाही, म्हणूनच भाव कमी. शहर भागातली ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा सेस भरणारी, इमारत असेल तर पुनर्विकासात मोठं घर मिळण्याची आशा असते. पण ती पाच वर्षांत पुरी होईल की पंचवीस, हे सांगणारा दलाल खोटं बोलतो आहे असंच समजा.

म्हाडाची जागा: लॉटरीत लागलेलं घर पहिली पाच वर्षं विकता येत नाही. तरी मुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नी) विकणारे भेटतात. "मुदत संपली की नावावर करून देतो" असं म्हणतात. हात लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट सांगितलं आहे की मुखत्यारपत्राने मालकी येत नाही. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की सामान्यपणे ते पत्रही संपतं, आणि मग तुम्ही त्याच्या वारसांच्या दारात उभे. झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, योजनेतल्या घरांनाही विक्रीची बंदी असते. ती संपली आहे का आणि प्राधिकरणाने हस्तांतर मान्य केलं आहे का, याचा कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. म्हाडाच्या जुन्या वसाहतीतल्या जागा मात्र, कागद नीट असतील तर, उत्तम. माझे बहुतेक व्यवहार त्यांचेच आहेत.

कलेक्टरची, म्हणजे सरकारने दिलेली, जमीन: इमारत सुंदर, सोसायटी चांगली, आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड) जमिनीच्या सत्ता प्रकारात असं काही लिहिलेलं की विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि हस्तांतराची रक्कम लागते. वांद्रे ते मुलुंड, अशा अनेक सोसायट्या आहेत. परवानगी मिळते, पण वेळ आणि पैसा जातो. हे आधी कळलं तर ते भावातून वजा करून मागता येतं. सुटण्यासारखं कारण म्हणतात ते हेच.

भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारत वापरायची परवानगी, नसलेली इमारत: मुंबईत लोक वर्षानुवर्षं ओसीशिवाय राहतात, त्यामुळे विकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. का नाही हे विचारा. बिल्डरने एखादं शुल्क भरलं नाही म्हणून अडलं असेल तर सोसायटी एकत्र येऊन मार्ग काढू शकते. वरचे दोन मजलेच बेकायदा असतील तर वेगळी गोष्ट. तुमचा फ्लॅट त्या दोन मजल्यांवर असेल तर विचारही करू नका.

आणि शेवटचं कारण, जे सर्वांत जास्त वेळा भेटतं: भावंडं. वडील वारले, फ्लॅट एका मुलाच्या नावावर नॉमिनेशनने आला, तो विकायला निघाला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्याशी पत्रव्यवहार करते एवढंच, हक्क सगळ्या वारसांचा. लग्न होऊन नाशिकला गेलेली बहीणही त्यात आली. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका गिऱ्हाईकाचं टोकन मी अशा जागेवर देऊ दिलं. बहिणीची सही "पुढच्या आठवड्यात" मिळणार होती. ती मिळायला चौदा महिने लागले आणि तोवर त्या गिऱ्हाईकाच्या कुटुंबाने राहतं घर विकून टाकलेलं, त्यामुळे दोन भाड्याची घरं बदलावी लागली. तेव्हापासून बाकीच्या वारसांचं हक्कसोड पत्र नोंदणीकृत असल्याशिवाय मी टोकनची गोष्टच काढत नाही. पण हेही खरं की, वारसांमध्ये समेट घडवून आणणाऱ्या माणसाला या शहरात चांगल्या जागा योग्य भावात मिळतात. धीर लागतो, आणि लोकांच्या घरात बसून चहा घेत ऐकून घ्यायची तयारी लागते.

पायरी तिसरी: कागद

वकील लावाच, पण त्याच्याकडे जाण्याआधी तुम्ही स्वतः फाइल उघडून पाहा. आमच्यात पहिला प्रश्न असतो, "चेन पूर्ण आहे का?" म्हणजे बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचा प्रत्येक करार, मूळ प्रत, ड्युटी भरलेली आणि नोंदवलेली. मधला एखादा गहाळ असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस, प्रमाणित प्रत असा सगळा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. १९८० च्या दशकातल्या करारांवर अनेकदा ड्युटी अपुरी असते, ती कोण भरणार हे आधी ठरवा.

त्याबरोबर पाहायचे कागद: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात, त्या चेनशी जुळतात का ते बघा), भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत पत्रिका, देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र, वीज आणि मालमत्ता कराची बिलं. मुंबई शहरात मिळकतीला सी. एस. नंबर असतो, उपनगरात सी. टी. एस. नंबर. करारातला आणि पत्रिकेतला नंबर एकच आहे का, एवढी साधी तुलना करायची लोक विसरतात. सोसायटीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालं आहे का हेही विचारा. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर पुनर्विकासाच्या वेळी ते आडवं येतं. बिल्डर तयार नसतानाही ते करून घ्यायचा, मानीव अभिहस्तांतरणाचा, मार्ग आहे, पण तो सोसायटीने चालायचा असतो.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर घाबरायचं कारण नाही, उलट बँकेने एकदा कागद तपासलेले असतात. फक्त बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या, आणि तुमचा चेक थेट त्या कर्जखात्यात जाईल असं करा.

सगळं बरोबर वाटलं की वकिलामार्फत एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्रात, कुणाचा हक्क असेल तर कळवा अशी जाहीर नोटीस द्या, बहुधा चौदा दिवसांची. पाच-दहा हजार वाचवायला हे टाळणारे मी पाहिले आहेत. त्या नोटिशीमुळे चुलता समोर आल्याचंही पाहिलं आहे.

पायरी चौथी: हिशेब कागदावर मांडा

एक कोटीची पुनर्विक्रीची जागा धरू. स्टॅम्प ड्युटी सहा लाख. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली एक टक्का धरली तर एक लाख. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, त्यावर 'देणगी' मागितली तर ती देणं बंधनकारक नाही. वकील, बँकेचे खर्च, रंग, नळ, वायरिंग मिळून पाऊण लाख. झाले आठ लाख तीस हजार. जागा फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतली तर निवासी जागेवर ड्युटीत एक टक्का सवलत आहे, म्हणजे इथे एक लाख वाचले. पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते.

बँक किती देईल? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांवरच्या कर्जाला किमतीच्या ७५ टक्केच देता येतात, आणि ड्युटी-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. म्हणजे कर्ज ७५ लाख, आणि तुमच्या खिशातून २५ लाख अधिक वरचे आठ लाख तीस हजार. तेहतीस लाखांच्या वर. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना सुमारे ६५ हजार. मुंबईत भाड्याचं उत्पन्न किमतीच्या साधारण दोन ते तीन टक्के मिळतं, म्हणजे अगदी चांगलं धरलं तरी महिना २५ हजार, त्यातून देखभाल जायची. दर महिन्याला चाळीस हजार तुम्हाला घालायचे आहेत. ते कुठून येणार हे आज माहीत नसेल तर भाड्याच्या भरवशावर जागा घेऊ नका. कर्ज कमी आणि स्वतःचा पैसा जास्त असलेल्या माणसानेच हा रस्ता धरावा.

आता घेऊन लगेच विकायचं म्हणाल तर: एक कोटी, वरचे आठ लाख तीस हजार, विकताना पुन्हा दलाली, सहा महिन्यांचं व्याज सव्वातीन लाखांच्या आसपास. एक कोटी साडेबारा लाखांना विकलीत तेव्हा कुठे तुम्ही जिथे होता तिथे येता. त्यावर जो नफा होईल तो चोवीस महिन्यांच्या आत विकल्याने अल्पमुदतीचा ठरतो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. चोवीस महिन्यांनंतर विकली तर साडेबारा टक्के, २३ जुलै २०२४ पासून असा नियम आहे. म्हणून मुंबईत राहती जागा 'फिरवायची' असेल तर भावात मोठी सवलत लागते, आणि ती मिळते फक्त दुसऱ्या पायरीतलं एखादं कारण तुम्ही सोडवू शकत असाल तर.

त्या सवलतीचाही एक काटा आहे, आणि तो नव्या लोकांना हमखास टोचतो. रेडी रेकनरचा दर, म्हणजे ड्युटीसाठी शासनाने ठरवलेला भाव, जो १ एप्रिलपासून लागू होतो, त्यापेक्षा खूप खाली जागा घेतली तर? समजा जागा ८० लाखांना मिळाली आणि रेकनरने तिची किंमत एक कोटी येते. ड्युटी एक कोटीवरच लागेल. शिवाय रेकनरची किंमत करारापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असल्याने मधले २० लाख तुमचं उत्पन्न समजून त्यावर आयकर लागतो. विक्रेत्याचा भांडवली नफाही एक कोटी धरूनच काढतात. म्हणजे सवलतीतला चांगला हिस्सा करात गेला. टोकन देण्याआधी रेकनरची किंमत काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

रोख रकमेबद्दल माझं मत ठाम आहे. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. "थोडे वरचे वरच्यावर द्या" म्हणणारा विक्रेता असेल तर दुसरी जागा बघा. रोख दिलेले पैसे विकताना तुमच्या खरेदी किमतीत धरले जात नाहीत, आणि सौदा मोडला तर मागताही येत नाहीत.

पायरी पाचवी: बांधकाम चालू असलेली जागा घेऊन पुढे द्यायची असेल तर

होलसेलिंगच्या सर्वांत जवळचा, आणि कायदेशीर, प्रकार हा. तुम्ही बिल्डरकडून सुरुवातीच्या भावात जागा घेता आणि इमारत वर येता येता ती दुसऱ्याला देता. मुंबईत हे पूर्वीपासून चालत आलं आहे.

महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही असावा लागतो. पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे गेली, जमिनीवर दावे किंवा बोजा आहे का, किती फ्लॅट विकले गेले, हे तिथे दिसतं. नोंदणीकृत साठेखताशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि घेतलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन व बांधकामासाठीच वापरायचे असतात. "आधी तीस टक्के द्या, करार नंतर करू" असं विक्री विभागातला गोड बोलणारा मुलगा म्हणाला तर उठा.

साठेखतात दोन कलमं शोधा. एक, जागा तुम्ही दुसऱ्याच्या नावे करू शकता का, किती काळानंतर आणि बिल्डर त्याचे किती पैसे घेणार. अनेक करारांत एक-दोन वर्षांची बंदी असते आणि प्रति चौरस फुटामागे हस्तांतर शुल्क असतं. दोन, 'गुंतवणूकदार' कलम. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात अशी सोय आहे की गुंतवणूकदाराने बिल्डरकडून घेतलेली जागा ठरावीक मुदतीत विकली तर आधी भरलेली ड्युटी पुढच्या करारात वळती होते. फक्त वाढीव किमतीवरचा फरक भरावा लागतो. २०२२ मध्ये ही मुदत एक वर्षावरून तीन वर्षं झाली. पण मूळ करारात ते कलम लिहिलेलं असायला हवं. नंतर आठवून उपयोग नाही. माझ्या माहितीतल्या एका काकांचे साडेचार लाख एवढ्या एका परिच्छेदावाचून गेले.

बांधकाम चालू असताना ५ टक्के जीएसटीही असतो, परवडणाऱ्या घरांना १ टक्का. ओसी आल्यावर विकलेल्या जागेला तो नाही. हिशेबात धरा.

दलालीच करायची असेल तर महारेराची एजंट नोंदणी करा. प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, व्यक्तीला फी १० हजार आणि नोंदणी पाच वर्षांची. ही नोंदणी न करता प्रकल्पातल्या जागा विकल्या तर दिवसाला १० हजार, प्रकल्पातल्या त्या जागेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. ज्याच्याकडे भांडवल नाही पण पाय आणि जीभ आहे त्याने इथूनच सुरुवात करावी. पाच वर्षं दलाली केलेल्या माणसाची पहिली खरेदी सहसा चुकत नाही.

शेवटची पायरी: टोकन ते चावी

टोकन चेकने किंवा बँकेतून द्या, आणि पावतीत लिहून घ्या: जागेचं पूर्ण वर्णन, ठरलेली रक्कम, किती दिवसांत करार, कुठले कागद विक्रेता दाखवणार, आणि कागदात दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर टोकन किती दिवसांत परत. शेवटची ओळ नसेल तर टोकन देऊ नका. रक्कम एक-दोन लाखांवर नेऊ नका.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याच्या पैशांतून एक टक्का टीडीएस कापून तुम्ही भरायचा असतो, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत. विक्रेता परदेशात स्थायिक असेल तर हा एक टक्क्याचा नियम नाही. दर बराच जास्त असतो आणि तो न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. मुलुंड-ठाण्यात कितीतरी फ्लॅटचे मालक आता दुबईत किंवा न्यू जर्सीत आहेत, तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा आणि सीए गाठा.

करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो. दुय्यम निबंधकाकडे जाताना दोन साक्षीदार, सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं. वयस्क विक्रेता असेल तर सकाळची वेळ घ्या, अंगठ्याचे ठसे उमटायला वेळ लागतो. नोंदणी झाली की सोसायटीत हस्तांतराचे फॉर्म, शेअर सर्टिफिकेटवर नाव, वीज मीटर आणि मालमत्ता कराच्या खात्यावर नाव, हे लागोपाठ करा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घराला पालिकेचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे, तरी नाव लावून घ्याच. पुढच्या विक्रीत ते विचारलं जातं.

भाड्याने द्यायची तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, आणि दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ड्युटी पाव टक्का असते, काम घरी बसून ऑनलाइन होतं. सोसायटीला भाडेकरूबद्दल कळवा. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, जास्त लावलं असेल तर लेखी विचारा. भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा. चावी देण्याआधी मीटरचं रीडिंग, गीझर, पंखे आणि बाथरूमच्या भिंतींचे फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा. अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत करायची वेळ येते, तेव्हा ते फोटोच कामाला येतात.